शरणागती नसलेली लढाई

(कर्जत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मुलं शिकवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मुलांबद्दलच बोलावं असं मनात होतं. शाळेत असताना आणि निवृत्तीनंतरही पालक मला सगळ्यात जास्त जो प्रश्न विचारत आले, तो अभ्यासाचा नाही. "बाई, पोरगं दिवसभर फ्री फायर खेळतं, बंद करू का?" किंवा, "बीजीएमआय खेळू दिलं तर चालेल का हो?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणणं मी टाळते. नाही म्हटलं तर घरी जाऊन फोन हिसकावला जातो. हो म्हटलं तर सुटकेचा श्वास टाकून तो पुन्हा मुलाच्या हातात दिला जातो. मूल नेमकं काय खेळतं हे बघायचं दोन्ही वेळा राहून जातं. आज त्या बघण्याबद्दल बोलणार आहे.

आधी एक समज दूर करते. "सरकारने बंदी घातली होती ना, म्हणजे खेळ वाईटच," असं पुष्कळ जण म्हणतात. "आता परत चालू केलाय, म्हणजे सुधारला असेल," असंही म्हणतात. घडलं काय ते पाहा. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतल्या ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की या खेळाने हिंसेला आणि दादागिरीला उत्तेजन मिळतं, त्यावर बंदी घाला. न्यायालयाने खेळात काय आहे ते तपासून बघायला केंद्र सरकारला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी शहरात बंदीचा हुकूम काढला आणि खेळणाऱ्या पोरांना अटकसुद्धा केली. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर देशभर बंदी आली खरी, पण ती ११८ चिनी संबंधांच्या अ‍ॅपांवरच्या एकत्रित आदेशात, देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याच्या कारणावरून. गलवानच्या चकमकीनंतरचे ते दिवस होते. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर गेला, तोही अशाच ५४ नावांच्या यादीत; तरी मुलं तो आजही खेळतात. पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. एवढी ये-जा झाली, पण दहा वर्षांच्या मुलाने हा खेळ खेळावा का, हा प्रश्न त्या आदेशांत नव्हताच. त्या मुलाने न्यायालयात नेलेला प्रश्न अजून अनुत्तरितच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, आणि ते फार चांगलं झालं, कारण आपल्याकडची कमावती पोरंही त्यात बुडत होती. पण गोळीबाराचा खेळ कितव्या वर्षी योग्य, हे तो कायदा ठरवत नाही.

सिनेमाचं मात्र तसं नाही. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभा केलेला स्टुडिओ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 'जोधा अकबर'चे किल्ले तिथे उभे राहिले. तिथे चित्रित झालेली तलवारबाजी थिएटरात दाखवायची तर आधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या कायद्याने. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर यूए मध्येही ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे झाले. तीच लढाई फोनमध्ये आली की कुठलंही सरकारी मंडळ ती बघत नाही. प्ले स्टोअरवर वयाचा आकडा दिसतो, तो एका आंतरराष्ट्रीय पद्धतीने येतो: खेळ बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते, रक्त आहे का, शिव्या आहेत का, आणि त्या उत्तरांवरून आकडा निघतो. तो आकडा निरुपयोगी नाही, बघत जा. पण त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: या खेळात इतर खेळाडूंशी संपर्क येतो, आणि या खेळात खरेदी करता येते. माझ्या मते मोठ्या अक्षरांत छापायच्या गोष्टी त्याच आहेत. का, ते सांगते.

कशेळ्याच्या बाजूला एका घरी मी आठवीतल्या एका मुलाशेजारी बसून बीजीएमआय बघितला. आई फार्महाऊसवर कामाला जाते, वडील खोपोलीच्या कंपनीत कंत्राटावर. फोन लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी घेतलेला, तेव्हापासून घरात राहिलेला. ओटीवर पावसाची झड येत होती म्हणून आम्ही आत पिंपाजवळ बसलो.

खेळात शंभर जण विमानातून पॅराशूटने एका बेटावर उतरतात. घरं ओस पडलेली, दारं सताड उघडी, आत फरशीवर बंदुका, हेल्मेट, पाठीवरच्या बॅगा, मलमपट्टी. हे गोळा करणं म्हणजे 'लूट'. मग एक निळं वर्तुळ आवळत येतं, मुलं त्याला 'झोन' म्हणतात. जो आत नाही तो मरतो, त्यामुळे सगळ्यांना एकमेकांच्या जवळ जावंच लागतं. गोळी लागलेला लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो आणि रांगायला लागतो, 'नॉक' होतो. सोबत्याने येऊन काही सेकंद जवळ बसलं तर उठतो. कोणी आलं नाही तर संपतो, आणि त्याच्या जागी एक पेटी उरते, तीत त्याचं सामान. रक्त हिरवं दिसतं. शेवटी एक जण किंवा एक टोळी उरते.

बाहेरून आपल्याला "मार, मार" एवढंच ऐकू येतं. जवळ बसल्यावर मला वेगळंही ऐकू आलं. "दोनशे चाळीसला आहे, दगडाच्या मागं." स्क्रीनवर वर होकायंत्राची पट्टी असते, त्यावरचे अंश पोरं एकमेकांना सांगत होती. कोनमापक हातात धरला की गोंधळणारा हा मुलगा इथे दिशा अंशांत बोलत होता. त्याचा मित्र नॉक झाला तेव्हा याने समोर पडलेलं सगळं सामान सोडलं आणि गोळ्या येत असताना पळत जाऊन त्याला उठवलं. "तो असता तर माझ्यासाठी आला असता," म्हणाला. हे मी कमी लेखणार नाही. ज्या मुलाला पावसात चार महिने मैदान नाही, त्याला तिथे टोळी मिळते, जबाबदारी मिळते, आणि आपण कशात तरी तरबेज आहोत असं वाटायला जागा मिळते.

पुढच्या डावाआधी मित्रांपैकी एकाची रेंज गेली. त्याच्या जागी खेळाने कोणी अनोळखी माणूस आणला. आवाजावरून तो बाप्या माणूस होता, हिंदीत बोलत होता. मुलाच्या हातून काही चुकलं, तशी त्याने आईबहिणीवरून शिव्यांची लड लावली. इतका वेळ गोळ्यांच्या आवाजात ज्या मुलाचा चेहरा हलला नव्हता, तो कानापर्यंत लाल झाला. त्याने माझ्याकडे न बघता आवाज बंद केला. मी विचारलं, असं रोज होतं? "होतं बाई. म्यूट करायचं." आई घरात असती तरी तिला हे कळलं नसतं, कारण कानात इअरफोन असतात.

आता हिंसेकडे वळते. हिंसेची गोष्ट मुलांना सांगूच नये असं आपल्याकडे कोणी कधी म्हटलेलं नाही. चौथीच्या इतिहासात अफजलखानाचा वध आहे, शाहिस्तेखानाची बोटं आहेत. दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतात, आळीव पेरतात, आणि बुरुजावर तोफ ठेवतात. खालापूर तालुक्यात तर उंबरखिंडच आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून त्या अरुंद खिंडीत आला, आणि महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडला. चौकचे म्हणून आपण ज्यांचं नाव अभिमानाने घेतो ते नेताजी पालकर तिथे होते. झाडीतून बाण सुटले, दगड सुटले, माणसं मेली. हे सगळं मी वर्गात सांगितलेलं आहे, आणि मुलं डोळे विस्फारून ऐकतात.

पण ती गोष्ट संपते कशी? सैन्याला पाणी नाही, हलायला जागा नाही. खानाच्या सोबत असलेली रायबाघन त्याला सांगते की शरण जा. खान अभय मागतो, खंडणी आणि सामान टाकतो, आणि महाराज त्याला जिवंत जाऊ देतात. आपल्या भागातली ही मोठी लढाई शरणागतीने संपली आहे. जिंकणारा कुठे थांबला, हे त्या गोष्टीत आहे. कर्जतच्या मुलांना आपण स्वातंत्र्यलढ्यातल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांचंही सांगतो. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते दोघे गेले. तिथे गोळी लागली की माणूस जातो, आणि मागे घर उरतं, हे मुलाला आपोआप कळतं.

शंभर जणांच्या त्या बेटावर शरण जायची सोयच नाही. समोरचा रांगत असला तरी त्याला सोडून दिल्याबद्दल काही मिळत नाही, संपवल्याबद्दल गुण मिळतात. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने हा खेळ रचला, त्याला कल्पना सुचली ती २००० सालच्या 'बॅटल रोयाल' या जपानी चित्रपटावरून. त्या चित्रपटात सरकार शाळेतल्या एका वर्गाला बेटावर सोडतं आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतं. मुलांवर मोठ्यांनी केलेला सर्वांत भयंकर अन्याय म्हणून ती कथा लिहिली होती. अन्याय गाळून नियम तेवढे उरले, आणि ते आपल्या मुलांच्या हातात आले. मोठ्या मुलांशी खेळाबद्दल बोलताना मी हे त्यांना सांगते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं यावर गप्प होतात आणि मग वाद घालतात. वाद घालता येतो, याचा अर्थ त्या वयाला खेळ आणि जग वेगळं धरता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही, त्याला अजून ती फट दिसत नाही.

मग असले खेळ खेळून मुलं हिंसक होतात का? शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे, आणि ते आपल्या भीतीइतकं ठाम नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली: अशा खेळांचा आणि चिडखोर वागण्याचा थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर या खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास छापला, त्यात आक्रमकतेशी संबंध आढळला नाही. मात्र ती मुलं चौदा-पंधरा वर्षांची होती. तो निष्कर्ष दुसरीतल्या मुलाला लावता येणार नाही. कोणी लावत असेल तर हात धरून थांबवा.

मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वेरुळांजवळ पबजी खेळत बसलेले दोन तरुण गाडीखाली आले. दोघेही विशीतले, म्हणजे मुलं म्हणता येतील अशा वयाचेही नव्हते. खेळातल्या बंदुकीने त्यांचं काही केलं नाही. येणारी गाडी त्यांच्या लक्षातच आली नाही. कर्जत आणि खोपोलीच्या मार्गावर आपली मुलं रुळांच्या कडेनेच ये-जा करतात, हे लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या आहारी जाण्याला आजारांच्या यादीत घातलं, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या वर्णनात रक्ताचा किंवा बंदुकीचा उल्लेखही नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, एवढंच त्यात आहे. गोट्यांच्या नादाला लागलेलं पोर अंधार पडला की घरी यायचं. या खेळाला अंधार पडत नाही.

वेळेबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, तिने घरातली पुष्कळ भांडणं मिटतील. हा डाव मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्या तासापर्यंत चालू शकतो. तुम्ही "ताबडतोब ठेव" म्हणता तेव्हा त्याला तीन मित्रांना वाऱ्यावर सोडून यायचं असतं, आणि म्हणून तो तुमच्यावर खेकसतो. त्यात गोळीबाराचा परिणाम शोधू नका. नवा डाव सुरू व्हायच्या आधी सांगा, "हा शेवटचा," आणि मग तो शेवटचाच राहील हे बघा.

पैशांचंही आहे. फ्री फायरमध्ये 'डायमंड' असतात, बीजीएमआयमध्ये 'यूसी'. त्यातून बंदुकीला रंग येतो, अंगावर कपडे येतात, ताकद फारशी वाढत नाही. पण ज्याच्याकडे साधे कपडे त्याला बाकीचे 'नूब', म्हणजे कच्चा, म्हणतात, आणि तेराव्या वर्षी ते फार लागतं. २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा कंपनीने अठराच्या आतल्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा सांगितली, आणि खर्चाची मर्यादा दिवसाला ७,००० रुपये! खालापूरच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या बापाला तेवढे मिळवायला किती पाळ्या कराव्या लागतात, ते तुम्हीच जाणता. शिवाय ती मर्यादाही खेळाडूने सांगितलेल्या वयावर, आणि घरातल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीवर. तो फोन तर मुलाच्याच हातात.

तर माझं मत. बारा वर्षांच्या आत यातला कुठलाही खेळ नको. मोठ्या भावाच्या मांडीवर बसून बघणंसुद्धा नको. बारानंतर मुलागणिक ठरवावं लागेल, आणि ते ठरवायचा अधिकार ज्याने शेजारी बसून निदान दोन डाव बघितले त्यालाच. खेळ घरातल्या मधल्या खोलीत, इअरफोन न लावता. माइक बंद, किंवा फक्त ओळखीच्या मुलांपुरता. यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसावा. रात्री फोन आईच्या उशाशी. आणि खेळून उठल्यावर मूल कसं आहे ते बघा: जेवताना बोलतं का, दुसऱ्या दिवशी मैदान मिळालं तर जातं का. जात असेल तर हिरव्या रक्ताने माझी झोप उडणार नाही. जात नसेल, तर खेळ कितीही निरुपद्रवी असो, सापशिडी का असेना, बंद करा.

मला ठाऊक आहे की पहाटेची लोकल धरून सीएसएमटीला जाणाऱ्या, रात्री नवाच्या पुढे परतणाऱ्या माणसाला 'शेजारी बसा' म्हणणं सोपं आहे, त्याला ते जमणं अवघड. घरात आजी असते, तिला स्क्रीनवरचं कळत नाही. म्हणूनच शाळेने आणि ग्रंथालयाने यात उतरायला हवं, आणि सरकारने सिनेमासारखं खेळांनाही वयाचं प्रमाणपत्र द्यायला हवं, प्रत्यक्ष खेळून बघणाऱ्या माणसांचं मंडळ नेमून, ज्यात शिक्षक असतील. करता येण्यासारखं आहे. चीनने २०२१ मध्ये मुलांना आठवड्याला तीन तासांवर आणलं. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळाच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर खेळ बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला, घरांवर सोडलं. आपण यातलं काय घ्यायचं ते ठरवू. पण त्यासाठी कोणीतरी त्या मुंबईच्या मुलाचा प्रश्न हातात घ्यायला हवा.

मारामारी असलेला प्रत्येक खेळ सारखा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात एक मुलगी त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते, पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला. लढाई भरपूर आहे, पण ती कशासाठी हे पहिल्या क्षणापासून माहीत असतं, तिला शेवट आहे, आणि कोणी अनोळखी माणूस कानात बोलत नाही. असले खेळ मुलांना शोधून देणं हेही आपलंच काम.

खोपोलीच्या एका वडिलांनी मला विचारलं होतं, मुलगा सोळाचा आहे, याच खेळात करिअर करतो म्हणतो. बीजीएमआयच्या २०२१ च्या स्पर्धेत एक कोटीची बक्षिसं होती, आणि नव्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यताही दिली आहे, तेव्हा मुलगा हवेत बोलत नव्हता. मी त्यांना म्हटलं, त्याला कबड्डीच्या संघात घेतलं असतं तर तुम्ही जे विचारलं असतं तेच विचारा: शिकवतो कोण, सोबत कोण असतं, सामने कुठे, पैसे कोण देतो, अभ्यासाचं काय ठरलं. त्या मुलाकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होती. बाकीची शोधून आणतो म्हणाला.

शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये नववी-दहावीची मुलं फ्री फायर आणि बीजीएमआय पडद्यावर खेळून दाखवतील, डाव मध्ये थांबत नसला तरी डावांच्या मध्ये तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतील, आणि ज्यांना हवं त्यांच्या फोनवर माइक आणि खरेदी कशी बंद करायची ते करून देतील. आज्यांनाही घेऊन या. लहान मुलांसाठी शेजारच्या वर्गात चित्रं आणि गोष्टी ठेवल्या आहेत.